घास अडकतो तेव्हा: इओसिनोफिलिक अन्ननलिकादाहाच्या एका प्रकरणाचा अभ्यास

पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. इओसिनोफिलिक अन्ननलिकादाहात, म्हणजे इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी अन्ननलिकेच्या अस्तरात जमून होणाऱ्या जुनाट दाहात, पुन्हा पुन्हा दिसणारा घटनाक्रम एका रुग्णाच्या रूपाने अभ्यासासाठी एकत्र आणला आहे, आणि त्यातील आकडे प्रत्यक्षात आढळणाऱ्या आकड्यांच्या मर्यादेतच ठेवले आहेत.

रुग्ण ३१ वर्षांचा पुरुष आहे. लहानपणापासून दमा, ऋतू बदलला की शिंका आणि नाक वाहणे, शाळेच्या वयात काही वर्षे कोपरांच्या खोबणीत इसब, असा त्याचा पूर्वेतिहास आहे. एका रात्री जेवताना मांसाचा तुकडा छातीच्या मध्यभागी अडकला. तो खाली ढकलण्यासाठी प्यायलेले पाणीही उलटून बाहेर आले. चार तासांनी तो तातडीच्या विभागात पोचला तेव्हा त्याला स्वतःची लाळही गिळता येत नव्हती. एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून आत नेलेल्या दुर्बिणीने, तुकडा काढण्यात आला, अन्ननलिकेच्या खालच्या भागात सौम्य दाह असल्याची नोंद झाली, आणि आम्लता कमी करणारी गोळी रोज एकदा घेण्यास सांगून त्याला घरी पाठवण्यात आले. बायोप्सी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी अस्तराचे नमुने, घेतली गेली नव्हती. दोन वर्षांपूर्वीही असाच घास अडकला होता. तेव्हा तो आपोआप सुटला आणि रुग्ण डॉक्टरांकडे गेलाच नाही.

घास अडकून आलेल्या प्रौढ रुग्णात, अन्ननलिका डोळ्यांना ठीक दिसली तरीही, बायोप्सी घेतल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इओसिनोफिलिक अन्ननलिकादाह हे अशा प्रसंगांच्या सर्वांत नेहमीच्या कारणांपैकी एक आहे, आणि त्याचे निदान नुसत्या नजरेने होत नाही. तातडीच्या वेळी रुग्णाची स्थिती नमुने घेण्याजोगी नसेल, तर काही आठवड्यांत दुसऱ्या एंडोस्कोपीची तारीख ठरवूनच त्याला घरी जाऊ द्यावे. ती तारीख न ठरल्यामुळे अनेक रुग्णांची पुढची भेट थेट पुढचा घास अडकल्यावरच होते.

जेवणाच्या सवयींचा इतिहास

पोटविकारतज्ज्ञांकडे आल्यावर, गिळताना त्रास होतो का, या थेट प्रश्नाला रुग्णाने नाही असे उत्तर दिले, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच होते. तो जेवतो कसा, हे एकेक करून विचारल्यावर मात्र वेगळे चित्र पुढे आले. प्रत्येक घासाबरोबर तो पाण्याचा घोट घेतो आणि शेजारी पाणी नसेल तर जेवायला बसत नाही. बरोबरच्यांचे जेवण आटोपते तेव्हा त्याचे ताट अर्धे भरलेले असते, आणि सावकाश जेवणारा अशीच घरच्यांमध्ये त्याची ओळख आहे. कोरडा पाव आणि चिवट मांस तो टाळतो; खाल्लेच तर काहीतरी पातळ घालून मऊ करून खातो. घास इतका वेळ चावतो की त्याचा लगदा होतो. मोठ्या गोळ्या कुटून घेतो. चारचौघांत जेवण्याची वेळ आली की काहीतरी कारण काढून तो मागे राहतो. हे सारे विशीच्या आधीपासून चालू होते, आणि यातले काहीही त्याला आजाराचे लक्षण वाटत नव्हते.

या आजाराच्या इतिहासात सर्वांत मोलाची माहिती इथे मिळते, म्हणून या भागावर मी अधिक भर देतो. अन्ननलिका हळूहळू आखडत जाते आणि त्याच गतीने माणूस आपल्या सवयी बदलत जातो. त्रास सवयींमध्ये मुरून जातो आणि तक्रार म्हणून कधी बाहेर येतच नाही. म्हणून त्रास होतो का, असे विचारून थांबू नये. जेवायला किती वेळ लागतो, पाण्याशिवाय जेवता येते का, कोणते पदार्थ सोडून दिले आहेत आणि गोळी अख्खी गिळता येते का, हेही विचारले पाहिजे. लहान मुलांत चित्र वेगळे असते: उलट्या, पोटदुखी, खाण्याची टाळाटाळ, वजन न वाढणे. पौगंडावस्थेपासून पुढे घास अडकणे हे मुख्य लक्षण होते. स्त्रियांपेक्षा पुरुषांत हा आजार सुमारे तिप्पट आढळतो, आणि दमा, इसब किंवा नाकाची ॲलर्जी असणाऱ्यांत त्याचे प्रमाण अधिक असते. या रुग्णात संशय बळावण्यासाठी ही सारी पार्श्वभूमी हाताशी होती.

उशीर झाल्याने काय होते, याचा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, स्वित्झर्लंडमधील २०० रुग्णांच्या अभ्यासातून येतो. लक्षणे सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांत अन्ननलिका अरुंद झालेली होती. निदानाला वीस वर्षांहून अधिक काळ लागलेल्यांत हे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते.

निदान

रक्ततपासणीत इओसिनोफिल दर मायक्रोलिटरला ६२० होते. साधारणपणे ५०० पर्यंतचा आकडा सामान्य मानतात. ही किंचित वाढ दमा असलेल्या कोणातही दिसू शकते, आणि या आजाराच्या कित्येक रुग्णांत रक्तातील संख्या अगदी सामान्य असते. त्यामुळे रक्ताच्या अहवालावरून निदान करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. हिमोग्लोबिन आणि वजन ठीक होते. शौचाच्या तपासणीत जंत आढळले नाहीत.

रुग्णाने आम्लता कमी करणारी गोळी महिन्याभरापूर्वी स्वतःच बंद केली होती, आणि तपासणीच्या दृष्टीने ते उपयोगी पडले. ही औषधे काही रुग्णांत इओसिनोफिल कमी करतात. ती चालू असताना घेतलेल्या नमुन्यांत आजार झाकला जाऊ शकतो. म्हणून पहिल्या निदानासाठी शक्य असेल तर किमान तीन आठवडे ती थांबवून एंडोस्कोपी करण्याची शिफारस केली जाते.

दुसऱ्या एंडोस्कोपीत अस्तर सुजलेले होते आणि त्याखालील रक्तवाहिन्यांचे जाळे दिसेनासे झाले होते. एकाखाली एक गोल कड्या उमटल्या होत्या, उभ्या चरा होत्या, आणि जागोजागी पांढरे ठिपके होते. हे ठिपके बुरशीच्या संसर्गासारखे दिसतात, पण बहुधा ते पृष्ठभागावर आलेल्या इओसिनोफिलांचे पुंजके असतात. खालच्या टोकाला दुर्बीण पुढे नेताना किंचित अडथळा जाणवला. सूज, कड्या, ठिपके, चरा आणि अरुंदपणा या पाच गोष्टींना गुण देण्याची एक प्रमाणित पद्धत आहे. प्रत्येक वेळी तिचा वापर केला तर दोन तपासण्यांची तुलना शब्दांच्या वर्णनापेक्षा अधिक नेमकी होते.

आजार अन्ननलिकेत सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. म्हणून वरच्या आणि खालच्या अशा किमान दोन पातळ्यांवरून एकूण किमान सहा नमुने घ्यावे लागतात. या रुग्णात सूक्ष्मदर्शकाच्या उच्च वर्धनाच्या एका दृश्यक्षेत्रात खालच्या भागात जास्तीत जास्त ५८ आणि वरच्या भागात ४२ इओसिनोफिल दिसले. निदानासाठी हा आकडा १५ किंवा त्याहून अधिक असावा लागतो. अस्तराचा तळाचा थर जाड झाला होता आणि त्याखाली तंतूंची वाढ सुरू झाली होती.

इओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींची एक जात आहे. इओसिन या रंगद्रव्याने उठून दिसणाऱ्या या पेशींचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये केले. जठर, लहान आतडे आणि मोठे आतडे यांत त्या थोड्या संख्येने नेहमीच असतात. निरोगी अन्ननलिकेत मात्र त्या नसतात. त्यामुळे अन्ननलिकेत निदानाची रेषा आखणे तुलनेने सोपे जाते, आणि पचनमार्गाच्या खालच्या भागांत मूळचे किती आणि आजाराचे किती, हा प्रश्न प्रत्येक अहवाल वाचताना उभा राहतो. जठरासाठी संशोधनात बहुधा पाच दृश्यक्षेत्रांत प्रत्येकी ३० किंवा अधिक हा निकष वापरतात.

याच कारणाने या रुग्णाच्या जठरातून आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातूनही नमुने घेतले गेले. ते सामान्य निघाले. ते तसे नसते तर प्रकरणाची दिशाच बदलली असती. जठर आणि आतड्यांच्या इओसिनोफिलिक विकारांची १९७० मध्ये क्लाइन आणि सहकाऱ्यांनी थरांनुसार केलेली विभागणी आजही समजुतीला उपयोगी पडते. आतल्या अस्तराचा थर बाधित असेल तर पोटदुखी, जुलाब, प्रथिनांची गळती आणि रक्तक्षय होतो. स्नायूंचा थर बाधित असेल तर आतड्यात अडथळा येतो. बाहेरचा थर बाधित असेल तर पोटात पाणी साठते आणि त्या पाण्यात इओसिनोफिल मोठ्या संख्येने सापडतात. शेवटच्या दोन प्रकारांत एंडोस्कोपीने घेतलेले वरवरचे नमुने सामान्य येऊ शकतात, आणि निदान तिथेच निसटते. अशा रुग्णांना बहुधा पोटातून घेण्याचे स्टेरॉइड लागते. ते देण्याआधी स्ट्राँजिलॉइड्स या जंताचा संसर्ग नाही याची खात्री करणे अत्यावश्यक आहे, कारण स्टेरॉइडमुळे तो संसर्ग शरीरभर पसरून जिवावर बेतू शकतो.

इओसिनोफिल वाढवणारी इतर कारणेही एकेक करून बाजूला सारली गेली: आम्लाचा दाह, अन्ननलिकेच्या हालचालीचे विकार, जंतुसंसर्ग, क्रोनचा आजार (पचनमार्गाचा एक जुनाट दाह), औषधांची प्रतिक्रिया, आणि रक्तातील संख्या १,५०० च्या पुढे जाणारा सर्वांगीण इओसिनोफिल विकार.

रुग्णाला पडलेला प्रश्न

आपल्याला कशाची ॲलर्जी आहे ते त्वचेच्या चाचणीने शोधून काढावे, अशी रुग्णाची मागणी होती. ती समजण्यासारखी आहे, पण या आजारात ती चाचणी वाट दाखवत नाही. अन्न हे बहुतेकांत मूळ कारण असते. १९९५ मध्ये आजारी मुलांना केवळ अमिनो आम्लांवर आधारलेला आहार दिल्यावर त्यांची लक्षणे आणि ऊती दोन्ही सुधारल्या, तेव्हापासून ही गोष्ट स्पष्ट आहे. मात्र ही प्रतिक्रिया खाल्ल्याखाल्ल्या अंगावर पित्त उठवणाऱ्या ॲलर्जीपेक्षा वेगळ्या मार्गाने घडते. अस्तरातील पेशी आणि विशिष्ट लसिका पेशी (पांढऱ्या पेशींचीच आणखी एक जात) इंटरल्यूकिन १३, ४ आणि ५ यांसारखे संदेशवाहक पदार्थ सोडतात, त्यांच्या हाकेने इओसिनोफिल रक्तातून अस्तरात येतात, अस्तराची घट्ट वीण सैल होते, आणि दाह वर्षानुवर्षे चालू राहिला की तंतू वाढून नळी कडक होते. त्वचेवर उमटणारी गाठ यातले काहीच मोजत नाही. चाचणीवर भिस्त ठेवून पदार्थ सोडणाऱ्यांना अनेकदा निरुपद्रवी पदार्थ सोडावे लागतात आणि उपद्रवी पदार्थ ताटात तसाच राहतो.

उपचारांचा क्रम

पहिला उपचार आम्लता कमी करणारे ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, बारा आठवडे असा होता. पूर्वी या औषधाला प्रतिसाद देणाऱ्यांना हा आजार नाहीच असे मानत असत. २०१८ मधील आंतरराष्ट्रीय सहमतीने ती अट काढून टाकली, आणि आता हे औषध आजारावरचाच एक उपचार मानले जाते. सुमारे ४० ते ५० टक्के रुग्णांत त्याने ऊती सुधारतात.

बारा आठवड्यांनी रुग्ण समाधानी होता. घास अडकला नव्हता, छातीतली जळजळही थांबली होती. मग पुन्हा दुर्बीण कशासाठी, असे त्याने विचारले. पुन्हा घेतलेल्या नमुन्यांत ४१ इओसिनोफिल होते. म्हणजे दाह जवळपास होता तसाच चालू होता, आणि बरे वाटण्यात औषधाइतकाच सावधपणे खाण्याचाही वाटा होता. या आजारात रुग्णाला काय वाटते आणि अस्तराची अवस्था काय आहे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. दोन्ही विचाराव्या, पण उपचार लागू पडला की नाही याचा निर्णय ऊतीवरून घ्यावा. प्रत्येक बदलानंतर साधारण आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा नमुने घेणे रुग्णाला जड जाते हे खरे आहे. म्हणूनच ते का घ्यायचे, हे पहिल्या भेटीतच मोकळेपणाने सांगावे. दर वेळी नव्याने समजूत घालायची वेळ येऊ देऊ नये.

यापुढे आहारातून पदार्थ वगळणे किंवा गिळण्याचे स्टेरॉइड, असे दोन रास्त पर्याय होते. रुग्णाचा कल आहाराकडे होता. मात्र तंतूंची वाढ सुरू झालेली आणि खालचे टोक अरुंद होत चाललेले असताना, दाह लवकर आणि भरवशाने आटोक्यात आणणे अधिक महत्त्वाचे ठरले. हे त्याला समजावल्यावर त्याने स्टेरॉइड आधी आणि आहार नंतर हा क्रम मान्य केला. बुडेसोनाइड १ मिलिग्रॅम, घट्ट द्रवात मिसळून, दिवसातून दोनदा सुरू झाले. जेवणानंतर ते लहान घोटांनी गिळायचे, त्यानंतर किमान अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, मग तोंड धुवायचे. हा अर्धा तास पाळला नाही तर औषध अस्तरावर टिकत नाही आणि उपचार फसल्यासारखा दिसतो. रुग्ण दम्यासाठी श्वासातून स्टेरॉइड घेतच होता. दोन्हींची बेरीज किती होते, याची नोंद दम्याच्या आणि पोटाच्या अशा दोन्ही डॉक्टरांकडे हवी. दोघांना एकमेकांची चिठ्ठी ठाऊक नसणे हा नेहमीचा धोका आहे.

बारा आठवड्यांनी इओसिनोफिल ६ वर आले, चरा आणि ठिपके गेले. कड्या मात्र राहिल्या, आणि अरुंद भागाचा व्यास सुमारे ११ मिलिमीटर भरला. दाह शमला तरी आधी वाढलेले तंतू चटकन विरत नाहीत. त्यामुळे फुग्याने अन्ननलिका रुंद करण्याचे ठरले. एका बैठकीत साधारण ३ मिलिमीटरपेक्षा अधिक ताण न देता, काही आठवड्यांच्या अंतराने दोन बैठकांत व्यास १६ मिलिमीटरपर्यंत नेला गेला. दर वेळी नंतर एक-दोन दिवस छातीत दुखले. रुंदीकरणानंतर अस्तरावर दिसणारी चीर हा अपघात नसतो, ताण लागू झाल्याची ती खूण असते. भोक पडण्याचा खरा धोका एका टक्क्याहून कमी आहे. रुग्णाला हे दोन्ही आधी सांगितलेले असले की नंतरची दुखणी त्याला घाबरवत नाहीत. रुंदीकरणाने गिळणे सुधारते, दाहावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. त्यामुळे औषधाची जागा ते घेऊ शकत नाही.

औषध थांबल्यानंतर

रुंदीकरणानंतर रुग्ण बऱ्याच वर्षांनी पाण्याशिवाय जेवू लागला. काही महिन्यांत त्याने औषध आपणहून सोडले. सुरुवातीला काहीच बिघडले नाही. आठव्या महिन्यात पुन्हा घास अडकला, आणि नमुन्यांत ६५ इओसिनोफिल सापडले.

या प्रसंगात रुग्णाला दोष देण्याने काही साधत नाही. बरे वाटत असताना रोज दोनदा औषध घेणे कोणालाही अवघड असते. सांगायचे ते हे, की हा आजार जुनाट आहे आणि उपचार थांबला की बहुतेकांत परततो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, तोंडात विरघळणारे बुडेसोनाइड ४८ आठवडे चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात राहिला. औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी होते, आणि त्यांच्यातील निम्म्यांत आजार ८७ दिवसांत परतला.

बुडेसोनाइड पुन्हा सुरू झाले आणि दाह पुन्हा आटोक्यात आला. मग ठरल्याप्रमाणे आहाराचा प्रयोग हाती घेतला. दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे व बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळे, आणि मासे-कोळंबी हे सहा गट एकदम वगळण्याची पद्धत जुनी आहे, पण पाळायला फार कठीण आहे. २०२३ मध्ये १२९ प्रौढांवरील तुलनात्मक चाचणीत सहा गट वगळणाऱ्यांपैकी ४० टक्के, तर केवळ प्राण्यांचे दूध वगळणाऱ्यांपैकी ३४ टक्के रुग्णांच्या ऊती सुधारल्या. फरक इतका थोडा असल्याने एकट्या दुधापासून सुरुवात करणे शहाणपणाचे आहे. येथे एक शिस्त पाळावी लागते: एका वेळी एकच बदल. स्टेरॉइड चालू ठेवून दूध सोडले असते तर सुधारणा कशामुळे टिकली हे कळलेच नसते, म्हणून बुडेसोनाइड थांबवून मगच दूध बंद केले गेले. आहारतज्ज्ञांनी दही, लोणी, चीज यांबरोबरच तयार पदार्थांतील केसीन आणि निवळीची (व्हे) प्रथिने, म्हणजे दुधाचीच प्रथिने, कशी ओळखावीत हे शिकवले. लॅक्टोज काढलेल्या दुधात दुधाची प्रथिने तशीच असतात, त्यामुळे ते चालत नाही. कॅल्शियमची सोयही पाहिली गेली.

आठ आठवड्यांनी नमुन्यांत ३३ इओसिनोफिल होते. संख्या निदानाच्या रेषेखाली आली नव्हती. पुढे गहू वगळून पाहता आले असते, पण त्यासाठी आणखी काही महिने आणि प्रत्येक टप्प्याला एक एंडोस्कोपी लागणार होती, आणि अरुंद झालेल्या अन्ननलिकेत दाह तेवढा काळ चालू ठेवणे इष्ट नव्हते. रुग्णाने स्वतःच स्टेरॉइडकडे परतायचे ठरवले. यावेळी हा निर्णय त्याचा होता, आणि कदाचित म्हणूनच तो टिकला.

डुपिलुमॅब या इंजेक्शनाचीही चर्चा झाली. ते इंटरल्यूकिन ४ आणि १३ यांचा मार्ग अडवते. अमेरिकेत २०२२ मध्ये या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली, आणि दर आठवड्याला ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे ६० टक्के रुग्णांत २४ आठवड्यांनी ऊती शांत झाल्याचे चाचण्यांत दिसले. दम्यावरही ते दिले जात असल्याने, या रुग्णाचा दमा बिघडला किंवा गिळण्याचे स्टेरॉइड अपुरे पडले, तर एका औषधाने दोन्ही सांभाळता येतील. आज दोन्ही आटोक्यात असल्याने ते राखून ठेवले आहे.

सध्या रुग्ण बुडेसोनाइड ०.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतो. शेवटच्या नमुन्यांत इओसिनोफिल ४ होते, व्यास १५ मिलिमीटरवर टिकून आहे, आणि अन्ननलिकेत बुरशीचा संसर्ग आढळलेला नाही. त्याच्या धाकट्या भावालाही गोळ्या गिळता येत नाहीत असे बोलता बोलता समजले. जवळच्या नातलगांत या आजाराची शक्यता वाढलेली असल्याने त्याला तपासणीसाठी बोलावले आहे. रुग्णाला लेखी सूचना दिली आहे की घास अडकून लाळही गिळता येईनाशी झाली, तर तो खाली ढकलण्यासाठी आणखी काही खाऊ-पिऊ नये, जोराने उलटी काढू नये, कारण त्याने अन्ननलिका फाटू शकते, आणि थेट तातडीच्या विभागात जावे. पुढची एंडोस्कोपी एका वर्षाने ठरली आहे. घास अडकला, जेवायचा वेळ पुन्हा वाढू लागला किंवा औषधात खंड पडला, तर ती त्याआधीच केली जाईल.